साठेखत झाले, खरेदीखत अडले: दिवाणी न्यायालयात करार कसा टिकतो

दुय्यम निबंधक कार्यालयातून साठेखताची, म्हणजे मिळकत विकण्याच्या कराराची, नोंदणी करून बाहेर पडलेली कुटुंबे तिथल्या तिथे पेढे वाटताना दिसतात, आणि त्यांचा आनंद खरा असला तरी समजूत बहुधा चुकीची असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की स्थावर मिळकतीच्या विक्रीचा करार स्वतःहून त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध किंवा बोजा निर्माण करत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून मालकी मिळाल्याचे मानण्याची जी प्रथा दिल्ली-हरियाणाकडे बोकाळली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात अमान्य केली. त्याच निकालाने हेही सांगितले की खरे साठेखत निरुपयोगी नसते. त्याच्या आधारे करारपूर्तीचा दावा लावता येतो.

म्हणजे साठेखताने मिळतो तो मागण्याचा हक्क: ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या, आणि न दिल्यास न्यायालयामार्फत करून घेऊ. न्यायालयाच्या आवारात या दाव्याला सगळेजण ‘स्पेसिफिक परफॉर्मन्स’ म्हणतात. तो विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट), १९६३ खाली चालतो. माझ्या पाहण्यात आलेल्या दाव्यांवरून बनलेले मत आधीच सांगतो: खरेदीदार कागद तिजोरीत जपतो, पण आपल्या पैशाच्या तयारीचा पुरावा जपत नाही, आणि दावा हातून निसटतो तो बहुधा या दुसऱ्या कारणाने. पुढील पायऱ्या हे लक्षात ठेवून वाचाव्यात.

कागद करार आहे की नुसती पावती, हे आधी ठरवा

‘विसार पावती’ (बयाण्याच्या रकमेची पावती), ‘इसार पावती’, ‘समजुतीचा करार’, ‘साठेखत’ यांपैकी मथळ्यावर कोणतेही नाव असले तरी न्यायालय आतला मजकूर पाहते. पक्षकार कोण, मिळकत नेमकी कोणती, किंमत किती आणि व्यवहार पुरा करण्याची बांधिलकी दोघांनी स्वीकारली आहे की नाही, एवढे निश्चित असेल तर एका पानाची विसार पावतीही अमलात आणता येते. उलट ‘उर्वरित अटी नंतर बसून ठरवू’ असे लिहिले असेल, तर अनिश्चित करार शून्यवत ठरवणारे भारतीय करार अधिनियमाचे कलम २९ आडवे येते.

मिळकतीचे वर्णन हा पहिला कच्चा दुवा. गट नंबर आहे पण क्षेत्र नाही, क्षेत्र आहे पण मोठ्या गटातील नेमका कोणता भाग हे सांगणाऱ्या चतुःसीमा नाहीत, सदनिकेचा क्रमांक आहे पण विंग नाही, अशा कागदावर हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा न्यायालयीन आदेश) झाला तरी तो बजावायचा कशावर, हा प्रश्न उरतो.

दुसरा कच्चा दुवा मुदतीच्या कलमात असतो. गावोगावच्या साठेखतांत हे वाक्य हमखास आढळते (‘लिहून देणार’ म्हणजे विकणारा, ‘लिहून घेणार’ म्हणजे खरेदीदार): ‘सातबारा निर्वेध झाल्यावर लिहून देणार लिहून घेणार यांस खरेदीखत करून देतील.’ ऐकायला ठीक वाटते. पण सातबारा निर्वेध कोणी करायचा, किती दिवसांत, बोजा कमी झाल्याचे खरेदीदाराला कोणी आणि कसे कळवायचे, आणि झालाच नाही तर विसाराचे काय, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही. तेच कलम असे लिहिता येते: ‘सेवा सोसायटीचा बोजा लिहून देणार यांनी स्वखर्चाने दि. ३० जूनपर्यंत कमी करून घ्यावा आणि तसा फेरफार मंजूर झाल्याचे लिहून घेणार यांस लेखी कळवावे; कळवल्यापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत दि. ३० सप्टेंबरपर्यंत, उर्वरित रक्कम घेऊन खरेदीखत नोंदवून द्यावे.’ या दोन वाक्यांतला फरक पुढे मुदतीच्या प्रश्नात तीन वर्षांच्या हिशेबाएवढा मोठा होतो.

मुद्रांक आणि नोंदणी

महाराष्ट्रात ज्या साठेखताने कब्जा दिला जातो किंवा खरेदीखतापूर्वी देण्याचे ठरते, त्यावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार खरेदीखताइतकेच शुल्क लागते. हे शुल्क पुढे खरेदीखताच्या वेळी वजा मिळते, त्यामुळे ते दोनदा भरावे लागत नाही. तरीही वाचवण्याच्या मोहात पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार लिहून कब्जाचे वाक्य मात्र त्यात घातले जाते. असा कागद दाव्यात दाखल झाला की समोरचे वकील पहिली हरकत मुद्रांकाची घेतात. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त न्यायालय पुराव्यात वाचत नाही, तो जप्त होतो, आणि कमी पडलेले शुल्क व त्यावरील दंड भरेपर्यंत दावा जागचा हलत नाही. दंड महिन्यांच्या हिशेबाने चढत असल्यामुळे जुन्या करारात ही रक्कम चांगलीच जाणवते. सुदैवाने हा दोष भरून निघणारा आहे.

नोंदणीचे तसे नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. नोंदणी न केलेल्या साठेखतावरही करारपूर्तीचा दावा चालू शकतो, कारण नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ चे परंतुक (त्यातील अपवादाची तरतूद) अशा दाव्यात तो कागद पुरावा म्हणून वाचू देते. मात्र खरेदीदाराकडे कब्जा असेल आणि मालक त्याला बाहेर काढू पाहत असेल, तेव्हा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ अ चे संरक्षण हवे असते, आणि २००१ च्या दुरुस्तीपासून ते केवळ नोंदणीकृत करारालाच मिळते. त्या संरक्षणाचेही स्वरूप ढालीचे आहे. ते पुढे करून मालकी मागता येत नाही. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या सदनिकेबाबत रेराच्या (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याच्या) कलम १३ नुसार करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही, म्हणून तेथे ‘नोंदणी नंतर करू’ हे ऐकून घेऊ नये.

विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे का

येथे थोडक्यात सांगतो, कारण हा शोध अहवालाचा, म्हणजे मालकीच्या कागदपत्रांच्या तपासणीचा, विषय आहे. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत एकाच भावाने सही केली असेल, तर करारपूर्ती मिळाली तरी फार तर त्याच्या हिश्श्यापुरती मिळेल आणि पुढे वाटपाचा दावा वेगळा करावा लागेल. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार परवानगीशिवाय विकता येत नाही. कुळाला मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ ची अट पाहावी लागते, आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महसूल संहितेचे कलम ३६ अ लागू होते. परवानगी आवश्यक असेल तर ती कोणी काढायची हे करारातच लिहावे. कायद्याने मनाई असलेला व्यवहार न्यायालय कोणाच्याही सांगण्यावरून पुरा करून देत नाही.

तारखांची वही ठेवा

मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे करारपूर्तीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, आणि ठरली नसेल तर विकणारा नकार देत असल्याचे खरेदीदाराला समजले त्या दिवसापासून ही तीन वर्षे मोजतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तळेगाव दाभाड्यातील एक सदनिका ४० लाखांना ठरली, १० जानेवारी २०२२ रोजी ५ लाख विसार देऊन साठेखत झाले, आणि ‘१० जुलै २०२२ पर्यंत’ खरेदीखत करायचे ठरले. मालक आज सोसायटीचा ना हरकत दाखला, उद्या बहिणीचे हक्कसोडपत्र अशी कारणे सांगत राहिला, आणि खरेदीदार ओळखीच्या माणसाला दुखवायला नको म्हणून फोनवर विचारत राहिला. १० जुलै २०२५ नंतर त्याचा दावा मुदतीबाहेर गेला. मधल्या काळातली आश्वासने तोंडी असल्यामुळे ती असून नसल्यासारखी ठरली. तारीख पुढे ढकलायचीच असेल तर दोघांच्या सहीने मुदतवाढीचा लेख करावा, आणि मूळ साठेखत नोंदवलेले असेल तर हाही नोंदवून घ्यावा.

तीन वर्षे आहेत म्हणून तीन वर्षे थांबावे असेही नाही. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वेळ हे सर्वसाधारणपणे कराराचे सार मानले जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९२ मध्ये सांगितले. परंतु त्याच न्यायालयाने २०११ मध्ये जमिनींचे भाव झपाट्याने चढत असताना या तत्त्वाचा फेरविचार व्हायला हवा असे मत नोंदवले, आणि खरेदीदाराने स्वस्थ बसून भाव वाढण्याची वाट पाहिली असे दिसल्यास न्यायालये आता त्याकडे काणाडोळा करत नाहीत.

तयारी आणि इच्छा: दाव्याचा प्राण

विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीने, जी १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आली, कायद्याचा रोख बदलला. पूर्वी करारपूर्ती देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर होते. आता कायद्यातील ठरावीक अपवाद वगळता ती द्यावी असा नियम आहे. हे वाचून अनेकांना वाटते की आता करार सिद्ध केला की काम झाले. पण कलम १६ (क) जागेवरच आहे: आपल्या वाटचा करार पाळण्यास आपण सतत तयार आणि इच्छुक होतो, हे वादीने सिद्ध केले नाही तर त्याला करारपूर्ती मिळत नाही.

‘तयार’ म्हणजे पैशाची ऐपत आणि ‘इच्छुक’ म्हणजे व्यवहार पुरा करण्याची वागणुकीतून दिसणारी धडपड. ‘सतत’ या शब्दाचा अर्थ करार झाल्यापासून थेट हुकूमनाम्यापर्यंत. उलटतपासणीत हे कसे येते ते पाहा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील खरेदीदाराला विचारले जाते, ‘जुलै २०२२ मध्ये आपल्या खात्यात किती रक्कम होती?’ तो म्हणतो, ‘घरात रोख होती, आणि मेहुणे देणार होते.’ ‘मेहुण्यांना साक्षीला आणणार आहात का?’ उत्तर येत नाही. ‘कर्जाचे मंजुरीपत्र होते ना?’ ‘होते.’ ‘त्याची मुदत केव्हा संपली?’ मंजुरीपत्र नोटिशीच्या दोन महिने आधीच संपलेले असते. पाच मिनिटांच्या या प्रश्नोत्तरांत, जो करार दोघांनाही मान्य आहे, विसार मान्य आहे, सह्या मान्य आहेत, तो हातून निसटतो.

म्हणून ठरलेल्या तारखेच्या सुमारास खात्यात उर्वरित रक्कम होती हे दाखवणारा बँकेचा उतारा, मुदत ठेवींच्या पावत्या, नूतनीकरण करत ठेवलेले कर्जमंजुरीपत्र, स्वतःचे घर विकून पैसे उभे करायचे असतील तर त्या विक्रीचा कागद, हे सर्व जपावे. रक्कम रोज खात्यात पडून असलीच पाहिजे किंवा ती न्यायालयात आधीच भरली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. न्यायालयाने भरायला सांगितल्यावर ती भरावी लागते. पण ती कोठून येणार होती याचे विश्वासार्ह उत्तर द्यावेच लागते.

ठरल्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन बसणे आणि मालक न आल्याचे दाखवणे, हा जुन्या वकिलांचा उपाय अजूनही कामाचा आहे. आठ दिवस आधी पोच मिळेल अशा टपालाने ‘अमुक तारखेस सकाळी अकरा वाजता धनाकर्षासह (डिमांड ड्राफ्टसह) हजर राहत आहे’ असे कळवावे, त्या दिवशी खरोखर जावे, कार्यालयात आपल्या हजेरीचा अर्ज देऊन पोच घ्यावी आणि धनाकर्षाची प्रत जवळ ठेवावी. पुढे वादीच्या बाजूने हा चतकोर पोचेचा कागद लांबलचक साक्षीपेक्षा अधिक बोलतो.

रोख रकमेबद्दल वेगळा इशारा द्यायला हवा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने दिल्याचे दाव्यात म्हटले असेल तर न्यायालयाने ते आयकर खात्याला कळवावे. ‘वरचे पैसे’ कागदावर नसतील तर ते दिल्याचे सिद्ध करता येत नाही आणि सिद्ध केले तर खात्याची नोटीस येते. दोन्ही वाटा खरेदीदाराच्याच अंगलट येतात.

नोटीस आणि दावा

वकिलामार्फत नोटीस देताना करार, दिलेल्या रकमा, तयारी आणि खरेदीखतासाठी नेमकी तारीख एवढे नमूद करावे. धमक्यांची भाषा टाळावी, कारण हेच पत्र पुढे निशाणी (पुराव्याचा क्रमांकित कागद) म्हणून न्यायाधीशांसमोर जाणार असते. मालकाने उत्तरात ‘करार रद्द केला आहे’ असे कळवले असेल, तर ते वाचून बाजूला ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा दंडक घातला की रद्द केल्याचे पत्र मिळालेल्या खरेदीदाराने ते रद्दीकरण बेकायदेशीर असल्याचे जाहीर करून मागितले पाहिजे, नाही तर करारपूर्तीचा दावाच टिकणार नाही. नंतरच्या निकालांनी या दंडकाच्या मर्यादा आखल्या असल्या तरी ती मागणी दाव्यात घालणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

आता सर्वांत महागडी चूक. मालक मिळकत दुसऱ्याला विकायला निघाल्याची कुणकुण लागली की घाईघाईने केवळ मनाई हुकमाचा दावा लावला जातो, आणि करारपूर्तीचे ‘नंतर बघू’ म्हणून राहते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २ नियम २ प्रमाणे एकाच कारणावरून मिळू शकणाऱ्या सर्व मागण्या एकाच दाव्यात कराव्या लागतात. न्यायालयाची परवानगी न घेता सोडलेली मागणी पुन्हा करता येत नाही. २०१२ मध्ये व्हर्गो इंडस्ट्रीज प्रकरणात नेमके असेच झाले: आधी मनाईचे दावे, नंतर करारपूर्तीचे दावे, आणि दुसरे दावे या नियमाखाली सर्वोच्च न्यायालयात गळाले. म्हणून करारपूर्ती, कब्जा आणि मनाई या तिन्ही मागण्या पहिल्याच दाव्यात एकत्र असाव्यात, किंवा परवानगी घेऊन ठेवावी.

त्यांच्याच जोडीला पर्यायी मागणी म्हणून विसार आणि दिलेल्या इतर रकमा व्याजासह परत मिळाव्यात असेही लिहावे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ नुसार परतावा मागितला नसेल तर न्यायालय तो आपण होऊन देत नाही. राहून गेल्यास दुरुस्ती अर्ज देता येतो, पण तो द्यायचे कोणाला तरी सुचावे लागते. ‘खरेदीखतच हवे, पैसे नकोत’ असा ताठरपणा अशिलांना शोभून दिसतो, पण अपिलात दोन्ही गेल्यावर तो पश्चात्तापाचा विषय होतो. विकणारा विसार जप्त केल्याचे म्हणत असेल तर हे पाहावे: जप्त करता येतो तो व्यवहार पाळण्याची हमी म्हणून दिलेला विसार, आणि तोही करारात तसे स्पष्ट लिहिलेले असल्यास व चूक खरेदीदाराची असल्यास. किमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम जप्त होत नाही.

दावा मिळकत जेथे आहे तेथील न्यायालयात लावावा लागतो, आणि कोर्ट फी करारातील किमतीवर लागते. मालकाने दरम्यान मिळकत तिसऱ्याला विकली असेल तर त्यालाही प्रतिवादी करावे. त्याने आपल्या कराराची माहिती नसताना प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतली असेल तरच तो त्याच अधिनियमाच्या कलम १९ (ख) खाली वाचतो. आणि साठेखत नोंदवलेले असेल तर ‘माहिती नव्हती’ हे म्हणणे त्याला जवळपास अशक्य होते. नोंदणीचा खरा फायदा येथे दिसतो. दावा दाखल झाल्यावर त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मधील दावा चालू असतानाच्या हस्तांतरणाचे तत्त्व (त्या काळात मिळकत घेणाऱ्यालाही दाव्याचा निकाल बंधनकारक असतो) मुंबईतील मिळकतीबाबत स्थानिक दुरुस्तीमुळे अशा नोंदणीशिवाय लागू होत नाही, आणि इतरत्रही ही नोंद शोध घेणाऱ्या पुढच्या गिऱ्हाइकाला सावध करते.

जागेत तिसराच कोणी बसलेला असेल, तर केवळ साठेखताच्या जोरावर त्याच्याविरुद्ध दावा लावू नये. खरेदीखत होईपर्यंत त्याच्याशी लढण्याचा अधिकार मालकाचाच असतो.

हुकूमनाम्यानंतर

कायद्याने असे दावे समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत, फार तर आणखी सहा महिने वाढवून, निकाली काढायचे आहेत; न्यायालयाच्या रोजनाम्यातील पडत जाणाऱ्या तारखा पाहिलेल्या माणसाला हे वाचून हसू येते, म्हणून पैशाची सोय त्याहून लांबच्या हिशेबाने करावी. हुकूमनाम्यात उर्वरित रक्कम ठरावीक दिवसांत भरण्याचा आदेश असतो. ती भरली नाही तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २८ खाली विकणारा करारच रद्द करून मागू शकतो. अपिलात स्थगिती मिळेल या भरवशावर रक्कम न भरणे धोक्याचे आहे. अडचण खरी असेल तर मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज द्यावा.

रक्कम भरूनही मालक सही करत नसेल तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी. तीत खरेदीखताचा मसुदा सोबत जोडावा लागतो, त्यावर मालकाच्या हरकती मागवल्या जातात, आणि शेवटी न्यायालयाने नेमलेला अधिकारी मालकाच्या वतीने सही करून दस्त नोंदवून देतो. मसुद्यातील चतुःसीमा हुकूमनाम्याशी अक्षरशः जुळतात का, हे नोंदणीपूर्वी एकदा बोट ठेवून वाचावे, आणि इंडेक्स टूची (दस्त नोंदल्याच्या सरकारी उताऱ्याची) प्रत हाती येताच सातबाऱ्यावरील फेरफारासाठी तलाठ्याकडे, किंवा सदनिका असेल तर भागपत्रासाठी (शेअर सर्टिफिकेटसाठी) सोसायटीकडे, अर्ज द्यावा.